पुरस्कार कोणाच्या पुस्तकाला?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून)



गेल्या बैठकीत एक प्रस्ताव आला होता. आपल्या मंचाने दर वर्षी एका मराठी पुस्तकाला छोटासा पुरस्कार द्यावा, आणि पहिली पाच वर्षं तरी तो तृतीयपंथी, ट्रान्सजेंडर किंवा स्त्री-पुरुष या दोन कप्प्यांत न मावणाऱ्या लेखकांसाठी असावा. प्रस्ताव आल्याबरोबर आक्षेपही आले, आणि 'पुढच्या वेळी कोणीतरी नीट मांडणी करा' असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. मी साहित्याची अभ्यासक नाही, प्रयोगशाळेत काम करणारी बाई आहे. त्यामुळे आमच्या धंद्यात जे करतात तेच केलं: हा प्रयोग आधी कोणी केला आहे का, आणि त्यातून काय निघालं, ते पाहिलं.

अमेरिकेत या प्रकारच्या पुरस्कारांचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा, आज स्टोनवॉल या नावाने ओळखला जाणारा पुरस्कार १९७१ साली सुरू झाला. लॅम्डा पुरस्कार १९८९ पासून दिले जाऊ लागले. त्यामागे वॉशिंग्टनमधलं एक पुस्तकांचं दुकान होतं. पुढे लॅम्डामध्ये ट्रान्सजेंडर साहित्याचा वेगळा विभाग आला. न्यूयॉर्कच्या प्रकाशन व्यवसायातल्या समलैंगिक मंडळींनी स्थापन केलेल्या पब्लिशिंग ट्रँगल या संस्थेने २०१६ साली 'ट्रान्स अँड जेंडर-व्हेरियंट लिटरेचर' असा पुरस्कार सुरू केला. जेंडर-व्हेरियंट म्हणजे समाजाने ठरवून दिलेल्या लिंगभावाच्या चौकटीत न बसणारे. २०१७ साली तो विवेक श्रेया यांच्या 'ईव्हन धिस पेज इज व्हाइट' या कवितासंग्रहाला मिळाला. विवेक श्रेया कॅनडातल्या एडमंटनला भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मल्या. त्या ट्रान्स आहेत, आणि हा कवितासंग्रह मुख्यतः वर्णद्वेषावर आहे. म्हणजे 'ट्रान्स लेखकाने ट्रान्सपणावरच लिहायचं' अशी अट त्या पुरस्काराने मनात धरलेली नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चौथं उदाहरण मला सगळ्यात आवडलं. १९९१ साली पॅट मर्फी आणि कॅरन जॉय फाउलर या दोन विज्ञानकथा लेखिकांनी, लिंगभावाविषयी नवा विचार करायला लावणाऱ्या विज्ञानकथांसाठी एक पुरस्कार काढला. त्याला नाव दिलं जेम्स टिपट्री ज्युनियर यांचं. टिपट्री हे मोठे विज्ञानकथाकार. त्यांचं लेखन किती अस्सल पुरुषी आहे यावर जाणकार बोलत असत, आणि १९७७ च्या सुमारास उघड झालं की टिपट्री म्हणजे अॅलिस शेल्डन नावाच्या, प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाई आहेत. २०१९ मध्ये, शेल्डन यांनी पतीचा जीव घेऊन स्वतःला संपवल्याच्या १९८७ च्या घटनेची नव्याने चर्चा झाली आणि पुरस्काराचं नाव बदलून 'अदरवाइज' असं ठेवलं गेलं. मला आवडलं ते वेगळंच. या पुरस्काराचे पैसे सुरुवातीला घरी केलेले केक आणि बिस्किटं विकून उभे केले गेले. गणेशोत्सवात वड्यांचा स्टॉल लावून शाळेला पैसे पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात अशक्य काही वाटू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पुरस्कार दोन प्रकारचे असतात. एक विषयाला दिलेला, दुसरा लिहिणाऱ्याला दिलेला. या दोन्हींतला फरक कोणाच्या जिवाला किती लागतो, ते २००४ साली लॅम्डाच्या बाबतीत दिसलं.

त्या वर्षी ट्रान्सजेंडर विभागाच्या अंतिम यादीत 'द मॅन हू वुड बी क्वीन' हे २००३ चं पुस्तक होतं. लेखक मायकेल बेली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. पुस्तक ट्रान्स स्त्रियांविषयी होतं, आणि त्यांच्या लिंगबदलामागे मुख्यतः लैंगिक प्रेरणा असते, त्यांचे दोन प्रकार पाडता येतात, असा सिद्धांत त्यात सामान्य वाचकांसाठी सोपा करून सांगितला होता. अनेक ट्रान्स स्त्रियांना तो आपल्या आयुष्याचा विपर्यास वाटला. आमच्याविषयी लिहिलेलं, आम्हालाच न पटणारं पुस्तक आमच्याच नावाच्या विभागात कसं, असं त्यांनी विचारलं. सह्यांची मोहीम झाली, फेरविचार झाला आणि पुस्तक यादीतून काढण्यात आलं.

मी संशोधक असल्यामुळे या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं. बेलींना छळण्यात काही टीकाकारांनी मर्यादा ओलांडली, असं इतिहासकार अॅलिस ड्रेगर यांनी २००८ साली सविस्तर लिहिलं. ते वाचलंच पाहिजे. नावडता सिद्धांत मांडण्याचा हक्क संशोधकाला आहे, आणि त्याला उत्तर पुराव्यानेच द्यायचं असतं. पण पुरस्काराचा प्रश्न वेगळा आहे. एखादं पुस्तक छापावं का, आणि एखाद्या समाजाच्या नावाने असलेला मान त्याला द्यावा का, हे दोन प्रश्न आपण एकमेकांत मिसळतो. पहिल्याचं उत्तर 'हो' असलं तरी दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं.

त्या वादात बेलींच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत लिन कॉनवे होत्या. आपल्यातल्या चिप डिझाइनवाल्यांना हे नाव माहीत असेल. कार्व्हर मीड यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं व्हीएलएसआयचं पाठ्यपुस्तक १९८० पासून पिढ्यांनी अभ्यासलं. लिंगबदल करणार हे कळल्यावर १९६८ साली आयबीएमने त्यांना कामावरून काढलं होतं. कंपनीने त्याबद्दल माफी मागितली २०२० साली, म्हणजे बावन्न वर्षांनी. मधली तीसेक वर्षं त्यांनी आपला भूतकाळ लपवून काम केलं. २०२४ मध्ये त्या वारल्या. इतक्या बुद्धिमान बाईला आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला साठी यावी लागली. त्या काळात त्यांच्यासारख्यांविषयी लिहिलं जात नव्हतं असं नाही. डॉक्टर लिहीत होते, मानसशास्त्रज्ञ लिहीत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप: साहित्याला लिंग नसतं, गुणवत्ता पाहा. मलाही हे वाक्य आवडतं, पण गुणवत्ता पाहणारे डोळे नाव पाहूनच पाहतात, याचा पुरावा आमच्या क्षेत्रात आहे. स्टॅनफर्डचे मेंदूवैज्ञानिक बेन बॅरस यांनी १९९७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर लिंगबदल केला. त्याआधी ते बार्बरा या नावाने शोधनिबंध लिहीत. २००६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं की, एका व्याख्यानानंतर कोणी श्रोता म्हणाला, बॅरसचं काम त्याच्या बहिणीच्या कामापेक्षा कितीतरी सरस आहे. बहीण नव्हतीच, दोन्ही कामं एकाच माणसाची होती. विज्ञानात, जिथे आलेख आणि आकडे समोर असतात, तिथे ही स्थिती. मग कादंबरीच्या परीक्षकांकडून निर्लेप नजरेची अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

दुसरा आक्षेप: वेगळी चूल कशाला? मुख्य प्रवाहातच स्पर्धा करू द्या. मराठी माणसाने हा आक्षेप घ्यावा याचं मला नवल वाटतं, कारण याचं उत्तर आपल्याच भाषेने दोनदा दिलं आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्यांच्या सभांतून आणि पुस्तकांतून आमच्या माणसांच्या हक्कांचा विचार होत नाही, त्यांच्यात मिसळून आमचा काय लाभ, असा त्या पत्राचा आशय. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, तेव्हाही 'साहित्यात जात कशाला' असंच विचारणारे होते. त्यानंतर काय झालं? १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली मिळाला. वेगळ्या चुलीवर शिजलेलं मुख्य पंगतीत वाढलं गेलं, आणि पंगतीची चव त्याने बदलली. आज या पुस्तकांशिवाय मराठी साहित्याचा इतिहास कोणी लिहून दाखवावा.

इंग्रजीतही हेच दिसतं. इमोजन बिनी यांची 'नेवाडा' ही कादंबरी २०१३ मध्ये टॉपसाइड प्रेस या ट्रान्स साहित्य छापणाऱ्या छोट्या प्रकाशनाने काढली. त्याच प्रकाशनाच्या कथासंग्रहाला त्या वर्षी लॅम्डा मिळाला होता. हे प्रकाशन पुढे बंद पडलं, पण कादंबरी हातोहाती फिरत राहिली आणि २०२२ मध्ये फरार, स्ट्राउस अँड जिरू या बड्या प्रकाशनाने ती पुन्हा काढली. तोवर टोरी पीटर्स यांची 'डीट्रान्झिशन, बेबी' मोठ्या प्रकाशनाकडून येऊन गाजली होती. छोटी प्रकाशनं आणि छोटे पुरस्कार नसते तर ही वाट तयार झाली नसती.

तिसरा आक्षेप: हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, ते मराठीवर का लादायचं? हिजडा, जोगता, जोगप्पा हे शब्द काही कॅलिफोर्नियातून आलेले नाहीत. शब्द आपले, माणसं आपली. आपल्याकडे नव्हता तो त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर. इंग्रजांनी १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टचा एक भाग खास त्यांच्यासाठी लिहिला आणि त्यांची नोंदवही ठेवायला लावली. म्हणजे त्यांच्याविषयी लेखन होतं, पोलिसांचं. मराठीत राजन गवस यांनी 'भंडारभोग'मध्ये जोगत्याचं आयुष्य फार आस्थेने मांडलं, त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण लेखकाची आस्था आणि जगणाऱ्याचा आवाज या दोन गोष्टी आहेत, हे 'बलुतं' वाचलेल्यांना मी काय सांगावं.

चौथा आक्षेप सगळ्यात व्यावहारिक: पुस्तकं आहेत का? आहेत, पण थोडी. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' २०१२ मध्ये आलं, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. २०१५ मध्ये ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंग्रजीत आणलं. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आहे. शेजारच्या तमिळमध्ये हा प्रवाह जास्त जोरकस आहे. लिव्हिंग स्माइल विद्या यांचं आत्मकथन २००७ चं. त्यावरच्या कन्नड चित्रपटातल्या भूमिकेसाठी संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ए. रेवती यांचं 'द ट्रूथ अबाउट मी' व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादात २०१० मध्ये आलं. साहित्य अकादमीने २०१८ च्या जुलैमध्ये कोलकात्यात तृतीयपंथी कवींचं संमेलन घेतलं. पुस्तकं थोडी आहेत म्हणून पुरस्कार नको, हे म्हणणं मला उलटं वाटतं. भरपूर असती तर आपली गरजच नव्हती.

आता अडचणी. त्या मी झाकून ठेवणार नाही, कारण प्रस्ताव मंजूर झाला तर त्या आपल्याच गळ्यात येणार आहेत.

लेखक 'त्या' समाजातला आहे हे ठरवायचं कोणी? लॅम्डाने २००९ साली जाहीर केलं की पुरस्कार फक्त स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या लेखकांना. दोन वर्षांत, २०११ मध्ये, काही मोजके पुरस्कार वगळता हे धोरण मागे घ्यावं लागलं. अशा नियमात एक काटा असतो. ज्याला घरी, नोकरीत, गावात आपली ओळख सांगणं परवडत नाही, त्याला तुम्ही मान घेण्यासाठी उघड व्हायला लावता. दुसरं टोक ब्रिटनच्या विमेन्स प्राइझने दाखवलं. अक्वेकी एमेझी या नायजेरियन लेखकाचं 'फ्रेशवॉटर' २०१९ मध्ये त्यांच्या लांब यादीत होतं. एमेझी स्वतःला स्त्रीही मानत नाहीत, पुरुषही मानत नाहीत. पुढच्या पुस्तकाच्या वेळी कायद्याच्या दृष्टीने त्यांचं लिंग काय, अशी विचारणा झाली, आणि २०२० मध्ये एमेझींनी जाहीर केलं की आपली पुस्तकं इथे पुन्हा पाठवणार नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची पायरी मध्ये आणली. कागद मागितला की माणूस मागे हटतो, हा अनुभव दोन्हीकडचा आहे. आपण कागद मागू नये. लेखकाचा शब्द पुरे. कोणी खोटं बोलेल? एखादा बोलेलही. पण या नावाने समाजात जे सोसावं लागतं, ते आपल्या छोट्या रकमेसाठी कोणी अंगावर घेईल असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण प्रसिद्धीची. पुरस्काराने पुस्तक वाचनालयात पोचतं आणि डोळ्यांवरही येतं. माया कोबाबे यांचं 'जेंडर क्वीअर' हे २०१९ चं चित्रमय आत्मकथन घ्या. २०२० मध्ये लायब्ररी असोसिएशनने त्याला गौरवलं, आणि २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं त्याच संस्थेच्या यादीत, सर्वाधिक हरकती घेतलेलं पुस्तक म्हणून ते पहिल्या क्रमांकावर होतं. आपल्यातले काही पालक स्कूल बोर्डाच्या सभांना जातात, त्यांनी ही भाषणं ऐकली असतील. आणि २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर काय झालं, ते मी कामाच्या ठिकाणी पाहिलं आहे. सरकारी आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांना शोधनिबंधांतून 'जेंडर', 'ट्रान्सजेंडर' असे शब्द काढायला सांगण्यात आलं. शब्द काढले की नोंद जाते, नोंद गेली की आजार मोजला जात नाही, आणि मोजला नाही की त्यावर पैसा खर्च होत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे. ज्याची नोंद नाही, तो माणूस पुढच्या पिढीसाठी नव्हताच.

म्हणून मी प्रस्तावाला काही अटी जोडते.

एक, लेखकाकडून कोणताही दाखला मागायचा नाही, आणि टोपणनाव चालेल. दोन, विषयाची अट नाही. तृतीयपंथी कवीने पावसावर लिहिलं तरी चालेल. दुःखाचीच मागणी करणारा पुरस्कार नको. तीन, सांगितलेली आणि दुसऱ्याने शब्दांकन केलेली पुस्तकं चालतील, कारण शाळा लवकर सुटलेल्यांची गोष्ट नाहीतर कशी येणार? मात्र रकमेचा मोठा वाटा सांगणाऱ्याचा. चार, परीक्षकांत निम्मे तरी त्या समाजातले असावेत, आणि त्यांना मानधन द्यावं. आपण फुकट सल्ला घेतो आणि त्याला सहभाग म्हणतो, ते इथे नको. पाच, चेक कोणत्या नावाने काढायचा, फोटो छापायचा का, गावाचं नाव घालायचं का, हे आधी लेखकाला विचारायचं. बँकेतलं नाव आणि पुस्तकावरचं नाव वेगळं असणं ही या लेखकांची नेहमीची अडचण आहे. सहा, विजेत्या पुस्तकाच्या पन्नास प्रती विकत घेऊन महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या वाचनालयांना द्यायच्या. चेक एकदा वटतो, पुस्तक कपाटात राहतं.

परदेशात बसून मराठी पुस्तकांना पुरस्कार देणं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्र फाउंडेशनने १९९४ पासून ते काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. आपला प्रयत्न त्या मानाने चिमूटभर असेल. पण चिमूट योग्य भाजीत पडली तर चव येते.

शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा घरचा आहे. आपल्यातल्या काही घरांत हा विषय पुस्तकांतून आलेला नाही, मुलांनी आणला आहे. ती मुलं आईवडिलांशी इंग्रजीत बोलतात, कारण ही गोष्ट सांगायला त्यांना मराठी शब्द सापडत नाहीत. आजी-आजोबांना फोनवर काय सांगायचं, हे आईवडिलांनाही सुचत नाही. ज्या मराठीत हे शब्द आहेत, ती मराठी आपल्या दिवाणखान्यात नाही. ती श्रीरामपुरात आहे, सौंदत्तीच्या डोंगरावर आहे, ठाण्याच्या सिग्नलवर आहे. ती छापली गेली तर आपल्याही कामाची आहे. तेव्हा हे दान आहे असं कृपया समजू नका.

मतदान पुढच्या बैठकीत आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावं आणि बोलावं. मात्र येण्याआधी वर सांगितलेल्यांपैकी एक तरी पुस्तक वाचावं, एवढी विनंती. माझ्याकडे दोन आहेत, बैठकीनंतर न्यायला मिळतील. परत आणायला विसरू नका.